राखीव सैनिक परदेशात जाऊन करतात काय? अमेरिकी नॅशनल गार्ड आणि ‘स्टेट पार्टनरशिप प्रोग्रॅम’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखीव सैन्य म्हणजे आपल्या एसआरपीसारखेच का?

नाही, पण मराठीत हा घोळ नेहमी होतो. राज्य राखीव पोलीस दल हे पूर्णवेळ पोलीस दल आहे. त्यातला जवान बारा महिने नोकरीवर असतो. होमगार्ड स्वयंसेवक असतो, पण तो सैन्याचा भाग नाही. एनसीसी तर विद्यार्थ्यांची. लष्करी अर्थाने राखीव सैनिक म्हणजे ज्याचे पोट दुसऱ्याच कामावर चालते असा माणूस. तो बँकेत असेल, ट्रक दुरुस्त करत असेल, रुग्णालयात असेल. वर्षातले ठरलेले दिवस तो गणवेशात सराव करतो आणि बोलावणे आले की हजर होणे त्याला कायद्याने बंधनकारक असते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाते ती टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए.

मग नॅशनल गार्ड ही अमेरिकेची टीए म्हणायची का?

अर्धवट. सरावाच्या पद्धतीत साम्य आहे, मालकीत नाही. टीए केंद्राची आहे. नॅशनल गार्डला दोन धनी आहेत: राज्याचा गव्हर्नर आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष. ५० राज्ये, राजधानीचा कोलंबिया जिल्हा, प्वेर्तो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स मिळून असे ५४ गार्ड आहेत. भूदल आणि हवाई दल धरून संख्या सव्वाचार लाखांच्या आसपास जाते. प्रत्येक गार्डच्या डोक्यावर ‘ॲडज्युटंट जनरल’ असतो आणि त्याला बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमतो. व्हरमाँटमध्ये मात्र त्याला विधिमंडळ निवडून देते. लष्करी पदासाठी आमदारांच्या गाठीभेटी घेत फिरणारा जनरल इतरत्र सापडणे कठीण.

सरावाचा हिशेब असा. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा सलग १५ दिवस. एका शनिवार-रविवारात चार ‘ड्रिल’ धरतात, प्रत्येक किमान चार तासांचे, आणि प्रत्येक ड्रिलला एका दिवसाचे मूळ वेतन मिळते. म्हणजे दोन दिवस काम आणि चार दिवसांचा पगार. वर्षाला ४८ ड्रिल, म्हणजे २४ दिवस, आणि वरचे १५ दिवस, मिळून ३९ दिवस. हा ३९ चा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात.

हे ‘टायटल १०’ आणि ‘टायटल ३२’ काय प्रकरण आहे?

अमेरिकी कायद्याच्या संहितेचे हे दोन भाग. टायटल ३२ खाली सैनिक गव्हर्नरच्या हुकमतीत राहतो, खर्च मात्र केंद्र करते. मासिक सराव यातच मोडतो. टायटल १० खाली तो सरळ केंद्राच्या सैन्याचा होतो. परदेशी मोहिमेवर जायचे तर साधारणपणे टायटल १० चा आदेश लागतो. पूर किंवा वणव्यासाठी गव्हर्नर गार्डला निव्वळ राज्याच्या खर्चाने बोलावतो, ती आणखी तिसरीच अवस्था.

हा तांत्रिक काथ्याकूट वाटेल, पण पगार कोण देणार, जखमी झाल्यास उपचार कोणाच्या खात्यावर आणि चूक झाल्यास शिस्तीची कारवाई कोण करणार, हे सगळे आदेशावरच्या या एका आकड्यावर ठरते.

पार्टनरशिप प्रोग्रॅमची सुरुवात कशी झाली?

अमेरिकेच्या एकेका राज्याच्या गार्डची परदेशाशी जोडी लावायची आणि दोघांच्या सैनिकांनी एकमेकांकडे जाऊन शिकायचे-शिकवायचे, असा हा कार्यक्रम. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. लाटव्हिया, एस्टोनिया आणि लिथुआनिया स्वतंत्र झाले, पण त्यांच्याकडे स्वतःचे असे सैन्य नव्हते आणि रशियाच्या तुकड्या अजून त्यांच्याच भूमीवर होत्या. लिथुआनियातून त्या ऑगस्ट १९९३ मध्ये गेल्या, बाकी दोन देशांतून ऑगस्ट १९९४ मध्ये. अशा वेळी अमेरिकेने नियमित सैन्याचे पथक पाठवले असते तर मॉस्कोत त्याचा भलताच अर्थ निघाला असता. नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल गार्ड ब्यूरोचे, म्हणजे सर्व गार्डचे काम पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचे, प्रमुख जॉन कॉनावे यांनी या देशांना भेट दिली आणि १९९३ मध्ये पहिल्या जोड्या लागल्या: मेरीलँड-एस्टोनिया, मिशिगन-लाटव्हिया, पेनसिल्व्हेनिया-लिथुआनिया.

गार्ड निवडण्यामागे केवळ सौम्य चेहऱ्याचा विचार नव्हता. छोट्या देशांना मोठे खडे सैन्य परवडत नाही. आठवडाभर नोकरी करणारा माणूस शनिवारी सैनिक कसा होतो, शस्त्रे कुठे ठेवायची, पूर आला की त्याने कोणाचे ऐकायचे, हेच त्यांना शिकायचे होते. लाटव्हियाची ‘झेमेसार्द्झे’ आणि एस्टोनियाची ‘काइत्सेलीत’ ही स्वयंसेवी दले त्याच धाटणीची आहेत.

आज भागीदार देशांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे.

कोणते राज्य कोणत्या देशाला, हे कसे ठरते?

कधी वस्ती पाहून, कधी हवामान, कधी निव्वळ गंमत वाटावी अशा योगायोगाने. इलिनॉयमधल्या शिकागोत पोलिश लोकांची मोठी वस्ती आहे, म्हणून इलिनॉय-पोलंड. अलास्काला थंडीतले युद्ध कळते, म्हणून मंगोलिया. जॉर्जिया राज्य जॉर्जिया देशाशी जोडलेले आहे. मिनेसोटा आणि नॉर्वे यांची औपचारिक जोडी २०२३ ची, पण मिनेसोटाचा गार्ड आणि नॉर्वेचा होमगार्ड १९७० च्या दशकापासून दर हिवाळ्यात एकमेकांकडे सैनिक पाठवत आले आहेत. नवा कागद कधी कधी जुन्याच नात्यावर शिक्का मारतो.

एखाद्या देशाला यात यायचे असेल तर पायऱ्या कोणत्या?

१. देशाचे सरकार (एकटे लष्कर नव्हे, आणि नेपाळच्या प्रश्नात हाच मुद्दा पुन्हा येईल) अमेरिकी दूतावासाकडे लेखी विनंती करते.
२. राजदूत आणि त्यांचे पथक ती पसंत करून जगाचा तो प्रदेश सांभाळणाऱ्या अमेरिकी लष्करी कमांडकडे पाठवतात.
३. कमांड आपल्या यादीत तिला प्राधान्य देते किंवा देत नाही. बऱ्याच विनंत्या इथेच अडकून पडतात.
४. नॅशनल गार्ड ब्यूरो राज्यांकडून प्रस्ताव मागवते. कोणते राज्य काय देऊ शकते, आधी किती भागीदार सांभाळते, हे पाहिले जाते.
५. संरक्षण आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांची संमती होते, मग घोषणा आणि सह्या.

सही झाली म्हणजे तळ मिळाला किंवा संरक्षणाची हमी मिळाली असे नाही. नाटोच्या पाचव्या कलमासारखे (एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला) यात काही नसते. शिवाय टायटल १० च्या कलम ३४१ नुसार यातला उपक्रम त्या प्रदेशाचा कमांडर आणि त्या देशातला अमेरिकी राजदूत या दोघांच्याही मंजुरीशिवाय होत नाही.

प्रत्यक्षात एका भेटीत काय होते?

लोकांच्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात. वास्तविक बहुतेक उपक्रम म्हणजे चार-पाच माणसे आणि एक आठवडा. विषय: वणवा विझवणाऱ्या हेलिकॉप्टरला पाण्याची बादली कशी लटकवायची, जखमीला पहिल्या तासात कसे हलवायचे, गोदामातल्या सुट्या भागांची नोंद, सायबर हल्ला झाल्यावर पहिल्या दिवशी काय बंद करायचे. शेवटच्या विषयात मेरीलँड-एस्टोनिया जोडीचे काम जुने आहे. एस्टोनियावर २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला होता आणि मेरीलँडच्या हवाई गार्डमध्ये असे सैनिक आहेत जे एरवी याच क्षेत्रात नोकरी करतात.

खरी ताकद इथे आहे. अफगाणिस्तानात २००८ पासून गार्डची कृषी पथके गेली, त्यातले मिसुरीचे पथक नंगरहार प्रांतात होते. त्यांतले अनेक जण घरी शेतकरी किंवा कृषितज्ज्ञच होते. नियमित पायदळात माती तपासणारा माणूस शोधायला गेलात तर मिळणार नाही.

भेट घडवून आणणारी दोन माणसे महत्त्वाची. दूतावासात दोन-तीन वर्षांसाठी बसणारा गार्डचा अधिकारी, त्याला ‘बायलॅटरल अफेअर्स ऑफिसर’ म्हणतात, आणि राज्यात बसणारा समन्वयक. पहिला यजमानांची नेमकी गरज ओळखतो, दुसरा ती पुरी करणारी माणसे शोधतो. यांपैकी एक जरी ढिला असला तरी वर्ष वाया जाते.

यजमान देशाने तयारी कशी करावी?

तारखेपासून उलट मोजत यावे. सहा महिने आधी विषय एका वाक्यात लिहून द्यावा. ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषय नव्हे. ‘पुरात अडकलेल्यांना रात्री हेलिकॉप्टरने उचलणे’ हा विषय. तीन-चार महिने आधी भाग घेणाऱ्यांची पूर्ण नावे, जन्मतारखा आणि तुकड्या कळवाव्यात. प्रशिक्षण किंवा मदत मिळणार असेल तर अमेरिकेच्या लेही कायद्याखाली तुकडीची आणि अधिकाऱ्यांची मानवी हक्कांबाबत छाननी होते आणि तिला आठवडे लागतात. ऐनवेळी बदललेले एक नाव सगळा गट अडकवू शकते. दुभाष्या असा घ्यावा ज्याला त्या धंद्यातले शब्द येतात. साहित्याचा पदवीधर ‘रोटर’ आणि ‘विंच’पाशी अडखळला की दोन तासांचे सत्र चार तासांवर जाते. आणि ज्याला पाठवणार तो पुढच्या वर्षीही त्याच पदावर असेल ना, हे विचारून घ्यावे.

खर्च कोण करते?

गार्डच्या सैनिकांचा पगार, प्रवासखर्च आणि भत्ता अमेरिका देते. यजमानांच्या माणसांचा खर्च द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळे कलम आणि वेगळा निधी शोधावा लागतो. शस्त्रे किंवा वाहने या कार्यक्रमातून मिळत नाहीत. या अपेक्षेने आलेल्या देशाची निराशा ठरलेली, म्हणून पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगितलेले बरे.

गार्डकडून एक आकडा नेहमी ऐकवला जातो: अमेरिकेच्या सुरक्षा सहकार्याच्या खर्चात या कार्यक्रमाचा वाटा सुमारे एक टक्का, पण प्रादेशिक कमांडच्या एकूण भेटी-उपक्रमांत सुमारे ३० टक्के. आकडा आकर्षक आहे, पण जपून वापरावा. तीन दिवसांची चर्चा आणि तीन आठवड्यांचा युद्धसराव दोन्ही ‘एक उपक्रम’ मोजले तर टक्केवारी फुगणारच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१२ मध्येच या कार्यक्रमाच्या नोंदी अपुऱ्या असल्याचे बजावले होते.

सैनिकाच्या नोकरीचे काय होते?

१९९४ च्या ‘युसेरा’ कायद्याने मालकाला त्याची जागा राखून ठेवावी लागते. एकाच मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेला हे संरक्षण आहे आणि कित्येक प्रकारची सेवा या पाच वर्षांत धरलीच जात नाही. परतल्यावरच्या मुदती मात्र काटेकोर आहेत. सेवा ३० दिवसांपर्यंतची असेल तर घरी पोचून आठ तास विश्रांती झाल्यावर जी पहिली पाळी येईल तिला हजर व्हायचे. ३१ ते १८० दिवस असेल तर १४ दिवसांत अर्ज करायचा. त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांत.

कायदा मोठ्या कंपनीत व्यवस्थित चालतो. चार माणसांच्या गॅरेजमध्ये एक माणूस वर्षातून तिसऱ्यांदा दोन आठवडे गेला तर कायदा मोडला जात नाही, पण मालकाचा चेहरा पडतोच. अनुभवी माणसे गार्ड सोडतात त्यामागे युद्धाची भीती कमी आणि हा पडलेला चेहरा जास्त असतो.

काय काय बिघडते?

सर्वांत जास्त बिघडते ते वेळापत्रक. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. संसदेत अंदाजपत्रक अडकले की ऑक्टोबर ते डिसेंबरचे उपक्रम लटकतात, मग सगळी गर्दी उन्हाळ्यात होते. नेमका तोच वणवे आणि चक्रीवादळांचा हंगाम. फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे वादळ निघाले की गव्हर्नर आपली हेलिकॉप्टर परत मागतो आणि परदेशातल्या यजमानांना आदल्या आठवड्यात ‘क्षमस्व’ कळवावे लागते. हे टाळता येत नाही. म्हणून हेलिकॉप्टर आले नाही तरी चालेल असा वर्गातला पर्याय सुरुवातीलाच आखून ठेवतात.

दुसरे, आदेश उशिरा निघणे. ३९ दिवसांच्या बाहेरचा प्रत्येक दिवस वेगळ्या आदेशावर आणि वेगळ्या निधीवर चालतो. आदेश प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी निघाला तर सैनिक जातो, पण पगार महिना-दीड महिना मागे पडतो. पुढच्या वेळी तोच माणूस हात वर करत नाही.

तिसरे, सहलीची सवय. ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या भेटी, स्मृतिचिन्हे, जेवणे, छायाचित्रे. थोडे आवश्यकही असते, कारण नाते असेच जुळते. पण वर्षाच्या यादीत सुभेदार-हवालदार दर्जाच्या माणसांचे उपक्रम निम्म्याहून कमी दिसले तर समजावे की गाडी घसरली आहे. सोव्हिएत धर्तीच्या सैन्यांत सगळे निर्णय अधिकारी घेत. त्यांना सर्वांत उपयोगी ठरला तो अमेरिकी सार्जंट, ज्याच्या हातात तुकडीचे रोजचे काम असते.

धोकाही असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये युक्रेनमधल्या ‘क्लिअर स्काय’ सरावात सुखोई-२७ कोसळले. त्यात एक युक्रेनी वैमानिक आणि कॅलिफोर्निया हवाई गार्डचा एक अधिकारी, दोघेही मृत्युमुखी पडले.

युक्रेनमध्ये याचा उपयोग झाला का?

झाला, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कॅलिफोर्निया-युक्रेन जोडी १९९३ पासूनची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले तेव्हा युक्रेनी अधिकाऱ्यांकडे कॅलिफोर्नियातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांचे फोन नंबर होते. वीस-पंचवीस वर्षे तीच माणसे दोन्ही बाजूंनी बढत्या घेत वर गेलेली. नियमित सैन्यातला अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. गार्डचा माणूस त्याच राज्यात कॅप्टनचा कर्नल होतो.

पोलंडच्या सीमेजवळ यावोरिव्ह येथे चाललेले प्रशिक्षण हे वेगळ्या निधीवरचे, वेगळे काम. तिथेही ओक्लाहोमा, न्यूयॉर्क, टेनेसी अशा राज्यांच्या ब्रिगेड पाळीपाळीने गेल्या. शेवटची पाळी फ्लोरिडाच्या ५३ व्या ब्रिगेडची, सुमारे १६० जणांची. आक्रमणाच्या काही दिवस आधी त्यांना बाहेर काढले आणि पुढे त्यांनी जर्मनीत युक्रेनी सैनिकांना तोफा शिकवल्या. १३ मार्च २०२२ रोजी यावोरिव्हच्या तळावर रशियन क्षेपणास्त्रे पडली.

नेपाळने नकार का दिला?

२०१५ च्या भूकंपानंतर नेपाळकडून विनंतीचे पत्र गेले, २०१७ मध्ये पुन्हा गेले, २०१९ मध्ये अमेरिकेने होकार दिला आणि यूटा राज्याशी जोडी ठरली. हेतू आपत्तीतल्या मदतीचा होता. पण हा विषय देशाच्या राजकारणात आधी मुरलाच नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या ‘एमसीसी’ (मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन) अनुदानावरून काठमांडूच्या रस्त्यावर आंदोलने झाली होती आणि वातावरण तापलेलेच होते. जूनमध्ये कराराचा एक कथित मसुदा माध्यमांत फिरला. अमेरिकी दूतावासाने तो बनावट ठरवला, पण तोवर ‘अमेरिकी लष्करी युती’ हा शब्द घराघरांत पोचला होता. २० जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाने पुढे न जाण्याचा निर्णय घेतला.

इथे पहिली पायरी चुकली. पत्र लष्कराच्या कचेरीतून गेले आणि राजकीय चर्चा सात वर्षांनी झाली. अलिप्ततेला जपणाऱ्या, भारत आणि चीन यांच्यामध्ये असलेल्या देशात हा क्रम उलटा हवा होता.

सत्तापालट झाला तर भागीदारी संपते का?

कागदावर बहुधा नाही, कामात होय. नायजर २०१७ पासून इंडियानाशी जोडलेला होता. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी सैन्याला देश सोडावा लागला. निर्वाचित सरकार उलथवले की अमेरिकी कायद्याने बरीच मदत थांबतेच.

भारत यात आहे का?

नाही. भारत-अमेरिका लष्करी सराव सरळ केंद्रांच्या पातळीवर चालतात. ‘युद्ध अभ्यास’ २००४ पासून सुरू आहे. शेजारी मात्र आहेत: बांगलादेश २००८ पासून ओरेगॉनबरोबर, श्रीलंका आणि मालदीव मोंटानाबरोबर. ढाक्यात मोठा भूकंप झाला असे गृहीत धरून होणाऱ्या संयुक्त सरावात ओरेगॉनची माणसे असतात.

आपली टीए कधी परदेशात गेली आहे का?

हो. १९८७ ते १९९० दरम्यान श्रीलंकेतल्या ‘ऑपरेशन पवन’मध्ये टीएच्या तुकड्यांनी भाग घेतला. पण टीएची रचना देशांतर्गत कामासाठी आहे: १९४८ चा कायदा, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्घाटन, पायदळाच्या तुकडीत वर्षाला दोन महिन्यांचे प्रशिक्षण, शिवाय रेल्वे आणि तेल क्षेत्रांच्या खात्यांच्या तुकड्या. पुणे आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या टीए बटालियन आहेत. छत्रपती संभाजीनगरची पर्यावरण बटालियन मराठवाड्यात झाडे लावते. धोनीची लेफ्टनंट कर्नल ही पदवी टीएमधलीच, मात्र मानद.

शांतिसेनेत भारत नियमित सैन्य पाठवतो. फिनलंड याच्या उलट करतो. त्याच्या शांतिसैनिकांत बहुसंख्य राखीव असतात: सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून नोकरीधंद्याला लागलेले, नंतर स्वेच्छेने अर्ज करून काही महिन्यांसाठी लेबनॉनसारख्या ठिकाणी जाणारे. अमेरिकेनेही कोसोवोतले शांतिसेनेचे काम आणि इजिप्तमधल्या सिनाईतली निरीक्षणाची पाळी गेली वीसेक वर्षे मोठ्या प्रमाणावर गार्डकडे दिली आहे.

अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींना गार्डमध्ये जाता येते का?

ग्रीन कार्ड असेल तर सैनिक म्हणून भरती होता येते; अधिकारी होण्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागते. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर हा मार्ग धरून चालू नये. भरती अधिकाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: तुकडी कोणती आणि तिची पुढची परदेशी पाळी कधी, निवडलेल्या कामासाठी गोपनीयतेची परवानगी लागते का (ती लागत असेल तर नागरिकत्वाशिवाय ते काम मिळत नाही), आणि शिक्षणशुल्काची सवलत केंद्राची आहे की राज्याची. राज्याची असेल तर दुसऱ्या राज्यात घर हलवल्यावर ती मागेच राहते.